अंदमानला जाताय? मग ओळखीच्या प्राण्यांवर आधी संशय घ्या

आमचं ऑफिस केंद्र सरकारचं. दर हिवाळ्यात दोन-चार कुटुंबं एलटीसीवर (सरकारी प्रवास सवलतीवर) अंदमानला निघतात आणि तिकिटं हाती पडली की कुणीतरी माझ्या टेबलाशी येतं. "तुम्ही रविवारी दुर्बीण घेऊन फिरून राहता ना, मग तिथे काय पाहायचं ते सांगा बाप्पा." सेल्युलर जेल, राधानगरचा किनारा आणि स्कूबाचा फोटो त्यांना आधीच ठाऊक असतो. त्यांना विचारायचं असतं ते जंगलाचं आणि समुद्राचं. दरवेळी तोंडी सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो. हॉटेल, टॅक्सी, पॅकेज यातलं मला विचारू नका.

माझं सूत्र एकच आहे. बेटावर ज्या प्राण्याला पाहून "अरे, हा तर आपल्याकडचाच" असं वाटेल, त्याच्यापाशी थांबा आणि विचारा, हा इथे आला कसा? अंदमानची बेटं म्हणजे म्यानमारच्या आराकान पर्वतरांगेची समुद्रात बुडालेली शिखरं. चहूबाजूंनी खोल पाणी. वाघ, बिबट्या, कोल्हा यांपैकी कुणीही तिथे पोचलं नाही. अंदमानात मूळचं माकडही नाही, ते थेट निकोबारात भेटतं. जे थोडे जीव पोचले, ते हजारो वर्षं एकमेकांशीच जमवून घेत राहिले. म्हणून तिथे आपला ओळखीचा प्राणी दिसणं ही साधी गोष्ट नसते.

तयारी नागपुरातच करायची

निघण्याआधी महिनाभर सकाळी गोरेवाडा, अंबाझरी किंवा फुटाळ्याला जा. उद्देश हौस नाही, ओळख पक्की करणं हा आहे. साळुंकी, कोतवाल, टकाचोर, भारद्वाज, सुतार, सर्पगरुड हे सहा पक्षी डोळे मिटूनही आठवले पाहिजेत, कारण या सहांचे भाऊबंद तिकडे भेटणार आहेत. काही अस्सल तिथले, काही इथून नेलेले. आपला भारद्वाज काळ्या अंगाचा आणि विटकरी पंखांचा. अंदमानचा भारद्वाज बदामी-तपकिरी अंगाचा. आपला टकाचोर तांबूस, तिकडचा काळपट आणि लहान. फरक कळायला आधी मूळ नमुना पाठ हवा.

बाहेरून आलेली वनस्पती रान कसं गिळते हे आपल्याला शिकवायला नको. अंबाझरीतली जलपर्णी आणि पेंचच्या वाटेवरची रायमुनिया (घाणेरी), दोन्ही मूळच्या अमेरिकेच्या. पण इथे जमीन मोठी आहे, रान कुठूनतरी परत येतं. बेटावर तो वाव नसतो.

दुसरी तयारी पाण्याची. पोहता येत नसेल तरी चालेल, पण मास्क लावून पाण्यात तोंड घालायची आणि नळीतून श्वास घ्यायची सवय इथल्याच तरणतलावात करून घ्या. पहिल्यांदाच समुद्रात उतरणारा माणूस घाबरला की पाय खाली टेकवतो, आणि पायाखाली असतं जिवंत प्रवाळ.

सामान थोडंच लागतं: ८ गुणिले ४२ ची दुर्बीण, स्वतःचा मास्क, पाण्यात घालायचा पूर्ण बाह्यांचा घट्ट शर्ट, वही आणि पेन्सिल. शर्ट एवढ्यासाठी की अंगाला क्रीम कमी फासावं लागेल. ऑक्सिबेन्झोनसारखी रसायनं प्रवाळाला घातक ठरतात म्हणून हवाई राज्याने ती असलेली सनस्क्रीन विकायला २०२१ पासून बंदी घातली. आपण बाह्या लांब ठेवल्या की तो प्रश्नच उरत नाही.

आता संशयितांकडे

पहिला संशयित चितळ. पोर्ट ब्लेअरसमोरच्या रॉस बेटावर (आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, पोर्ट ब्लेअरचंही नाव २०२४ पासून श्री विजयपुरम) उतरलात की चितळं अंगाशी येतात. पर्यटक बिस्किटं देतात, पोरं फोटो काढतात. पेंचला ज्याच्या मागे वाघ असतो, त्याच्यामागे इथे कुणीच नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत इंग्रजांनी चितळ शिकारीसाठी अंदमानात आणलं. खाणारं कुणी नाही आणि पोहायला उत्तम, म्हणून ते एका बेटावरून दुसऱ्यावर पसरलं. जंगलात ते उगवती रोपं खातं. उंच झाडं जागेवर असतात, म्हणून वरवर पाहणाऱ्याला रान धडधाकट वाटतं. तुम्ही वर बघू नका, खाली बघा. गुडघ्याएवढी, कमरेएवढी रोपं आहेत का? झाडाखालची जमीन झाडून काढल्यासारखी असेल आणि पानं ठरावीक उंचीपर्यंतच खाल्लेली असतील, तर चितळ आलं म्हणून समजा. झुडपं गेली की झुडपांवर राहणारे सरडेही घटतात, हे तिथल्या अभ्यासात दिसलं आहे. ज्या बेटावर चितळ आहे आणि ज्यावर नाही, अशा दोन ठिकाणी ही एकच गोष्ट तपासलीत तरी सहलीचे पैसे वसूल.

इंटरव्ह्यू बेटाची गोष्ट याच जातीची आहे. १९६२ च्या सुमारास लाकूडतोडीचा धंदा बसला तेव्हा ठेकेदाराने चाळीसेक हत्ती तिथेच सोडून दिले. ते रानटी झाले. हत्ती मोठी झाडं पाडतो, सालं सोलतो. चितळ खालची रोपं संपवतं. एक वरून, दुसरं खालून. त्या बेटावर सामान्य पर्यटकाला जाता येत नाही, पण तिथल्या लोकांना विचारलं की ही कथा हमखास ऐकायला मिळते.

दुसरा संशयित बेडूक. पहिला पाऊस पडला की आपल्या शेतातल्या डबक्यात पिवळाजर्द होऊन ओरडणारा तो दांडगा नर आठवा. हाच बेडूक अलीकडच्या काळात अंदमानात पसरला आहे, आणि मत्स्यशेतीसाठी आणलेल्या माशांच्या पिल्लांबरोबर तो आला असावा असं अभ्यासक मानतात. त्याची पिल्लं तिथल्या मूळ बेडकांची पिल्लं खातात. मोठा बेडूक कोंबडीची पिल्लं गिळतो, अशा तक्रारी शेतकऱ्यांनी केल्या आहेत. हिवाळ्यात तो फार दिसणार नाही, म्हणून इथे दुर्बीण बाजूला ठेवून तोंड वापरायचं. होमस्टेच्या मालकाला, भातशेती करणाऱ्याला, चहाच्या टपरीवरच्या म्हाताऱ्याला विचारा, "ये बड़ा मेंढक आपके बचपन में था क्या?" अंदमानात बंगाली, तमिळ, तेलुगू, रांचीकडचे असे सगळे लोक राहतात आणि हिंदी सगळ्यांना येते. उत्तर मिळालं की गावाचं नाव आणि साधारण साल वहीत लिहा. बेटावरचा बदल बघायचं माझ्या मते हे सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचं साधन आहे. कोणत्याही माणसाला त्याच्या लहानपणीच्या समुद्राबद्दल विचारा, तो अर्धा तास सोडत नाही.

साळुंकीलाही इंग्रजांच्याच काळात तिथे नेलं गेलं. बाजारात, जेट्टीवर ती अशी वावरते की जणू पिढीजात मालक. आणि मराठवाड्यात सोयाबीनवर तुटून पडलेली शंखी गोगलगाय ठाऊक असेल, तीही अंदमानात दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी अमलात पोचली. पावसाळी रात्री केळीच्या बागेत टॉर्च मारला तर सापडते. हात लावू नका, तिच्यात माणसाला बाधणारा कृमी असू शकतो.

मग अस्सल कोण?

हे सगळे वगळले की बेट उघडायला लागतं. सुरुवात हॉटेलच्या आवारापासून करा. केळी, सुपारी, नारळाच्या खोडावर दिवसाढवळ्या पोपटी हिरवी पाल दिसली, पाठीवर तांबडे ठिपके असले, तर ती अंदमानची दिवसा फिरणारी पाल. तिचे जवळचे नातलग मादागास्कर आणि त्याच्या आसपासच्या बेटांवर राहतात. बायकोला पालीची किळस असेल तरी ही पाल दाखवा. आमच्याकडे तरी मत बदललं.

पक्ष्यांसाठी पहाटे साडेचारला उठावं लागेल. घड्याळ आपलंच असलं तरी बेटं फार पूर्वेला आहेत, पाचच्या सुमारास उजाडतं आणि हिवाळ्यात साडेपाचच्या आत सूर्य बुडतो. नाश्ता करून निघालो तर काही दिसत नाही. चिडिया टापूच्या रस्त्यावर सकाळचे दोन तास थांबलात तर अंदमानचा कोतवाल, टकाचोर, बुलबुल, सुतार यांपैकी बरेच दिसतात. संध्याकाळी त्याच रस्त्यावर घुबडं ऐका.

एक पक्षी तुम्हाला दिसणार नाही, पण त्याची गोष्ट माहीत असू द्या. नारकोंडमचा धनेश जगात एकाच बेटावर आहे. बेट सुमारे ७ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोरेवाड्याच्या रानापेक्षाही लहान, आणि धनेश हजाराच्या आसपास. तिथल्या पोलीस चौकीसाठी बकऱ्या आणल्या होत्या. त्यांनी रोपं खायला सुरुवात केली, तेव्हा त्या हलवल्या गेल्या. चितळाबाबतीत असं काही जमेल का, यावर माझं मत फारसं आशावादी नाही. बकरी पकडता येते. बिस्किटं खाऊन लाडावलेल्या हरणाला हलवा म्हटलं की आपलेच लोक आडवे येतात.

समुद्र बघायचा तो तिथी बघून

आपण नागपूरकर भरती-ओहोटीच्या बाबतीत अडाणी. पण घरात कॅलेंडर असतंच. पौर्णिमा आणि अमावस्येच्या आसपास उधाण, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. दिवसातून साधारण दोन भरत्या, दोन ओहोट्या आणि रोज वेळ पाऊण-एक तासाने पुढे. प्रवाळ आणि खडकातली डबकी बघायची असतील तर तिकिटं पौर्णिमा-अमावस्येच्या आसपासची काढा. भारतीय सर्वेक्षण विभाग पोर्ट ब्लेअरच्या भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढतो. त्या तारखांची पानं आधीच फोनमध्ये ठेवा, लहान बेटांवर नेटचा भरवसा धरू नका.

नील बेटावर (शहीद द्वीप) खडकाची नैसर्गिक कमान आहे. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी तिथे पोचा, म्हणजे पाणी उतरताना डबकी उघडी पडतात आणि पाणी फिरायच्या आत परत येता येतं. वाळू आणि नुसत्या खडकावरच पाय ठेवायचा. एका डबक्यासमोर उकिडवे बसा आणि दहा मिनिटं हलू नका. आधी काहीच नसतं, मग खेकडा बाहेर येतो, मग मासे, नशीब असेल तर आठ पायांचा ऑक्टोपस रंग बदलताना दिसतो. गाइड समुद्री काकडी उचलून पोरांच्या हातात ठेवतात. नको म्हणा. ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्याने वाघाच्या पंक्तीला.

मास्क लावून प्रवाळ बघायला वंडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान चांगलं. तिथली जॉली बॉय आणि रेडस्किन ही बेटं आळीपाळीने उघडतात, म्हणजे एकाला विश्रांती मिळते. प्लास्टिक जेट्टीवरच तपासतात. चिवड्याचं पाकीट लपवून न्यायचा प्रयत्न करू नका, आपली माणसं हमखास तिथेच अडकतात.

पांढरं प्रवाळ पाहून टाळ्या वाजवू नका

काचेच्या तळाच्या बोटीत नावाडी ओरडतो, "सर, व्हाइट कोरल!" आणि सगळे मोबाइल काढतात. पांढरं पडलेलं प्रवाळ आजारी असतं. प्रवाळ हा प्राणी आहे, आणि त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न बनवतं, प्रवाळाला रंगही त्याचाच. पाणी तापलं की हा संसार मोडतो, शैवाल बाहेर पडतं आणि पातळ कातडीतून खालचा चुन्याचा सांगाडा पांढरा दिसतो. त्या क्षणी प्रवाळ मेलेलं नसतं. काही आठवड्यांत पाणी निवलं तर रंग परत येतो. नाही निवलं तर उपासमारीने मरतं आणि सांगाड्यावर मळकट हिरवी-तपकिरी शेवाळी चढते.

तापमान किती? एखाद्या ठिकाणी वर्षातल्या सर्वांत उष्ण महिन्याची जी सरासरी, तिच्या फक्त १ अंश वर पाणी राहिलं की ताण सुरू. आपण इथे मे महिन्यात ४४ काय आणि ४६ काय म्हणून कूलरसमोर बसतो, प्रवाळाला एका अंशाने घाम फुटतो. ही जादाची उष्णता आठवड्यांच्या हिशेबात मोजतात. बारा आठवड्यांची बेरीज ४ अंश-आठवड्यांवर गेली की लक्षणीय विरंजन (म्हणजे हेच पांढरं पडणं) आणि ८ वर गेली की मोठ्या प्रमाणात मरण, असा अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या कोरल रीफ वॉचचा ठोकताळा आहे. हे नकाशे कुणालाही फुकट बघता येतात, अंदमानचा स्वतंत्र आलेखही असतो. आपल्याकडे हैदराबादची इन्कॉइस संस्था भारतीय प्रवाळांसाठी असाच इशारा देते. अंदमानचं पाणी एप्रिल-मेमध्ये सर्वांत तापतं. तुम्ही डिसेंबरमध्ये जाणार असाल तर निघण्याआधी त्या वर्षाच्या एप्रिल ते जूनचा आलेख काढून बघा. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी अंदमानच्या प्रवाळांनी मोठा मार खाल्ला, आणि एप्रिल २०२४ मध्ये चौथं जागतिक विरंजन जाहीर झालं. आलेख आधी पाहिला असेल तर पाण्याखाली दिसणाऱ्या शेवाळी चढलेल्या फांद्यांचं वय तुम्हाला अंदाजाने लावता येतं.

पाण्यात काय करायचं? क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉच उपक्रमाचा एक रंगतक्ता असतो, रंगांच्या छटांना १ ते ६ क्रमांक. प्रवाळाचा सर्वांत फिका आणि सर्वांत गडद भाग तक्त्याशी ताडून दोन आकडे लिहायचे. घरच्या प्रिंटरवर काढलेला तक्ता नको, रंग चुकतात. तक्ता नसेल तर वीस प्रवाळं मोजा आणि किती रंगीत, किती लख्ख पांढरी, किती शेवाळी चढलेली, एवढंच लिहा. घुमटासारखी मोठी प्रवाळं वर्षाला सेंटिमीटरभर वाढतात. कमरेएवढा घुमट दिसला तर तो तुमच्या आजोबांच्याही आधीचा, हे लक्षात ठेवून पाय वर घ्या.

सगळं बिल हवामानबदलावर फाडू नका

पोर्ट ब्लेअरजवळ सिप्पीघाटला नक्की जा, सकाळी. रस्त्याच्या कडेला खाऱ्या पाण्यात वाळकी झाडं उभी आहेत, मधे बदकं आणि लांब पायांचे पक्षी. सोबतच्या कुणालाही विचारा, तो म्हणेल समुद्र वाढला. इथे तसं नाही. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाने जमीनच कलली. दक्षिण अंदमान साधारण मीटरभर खचला आणि सिप्पीघाटची भातशेती खाऱ्या पाण्याखाली गेली. उत्तर अंदमान उलट वर उचलला गेला, तिकडे प्रवाळ आणि खारफुटी कोरड्यावर येऊन मेली. ग्रेट निकोबारचं इंदिरा पॉइंट तर चार मीटरहून जास्त खाली गेलं. दीपस्तंभ आता पाण्यात उभा आहे. म्हणून मेलेलं झाड दिसलं की दोन प्रश्न: पाणी वर आलं की जमीन खाली गेली? आणि कधी? सिप्पीघाटला जुन्या बांधांवर खारफुटीची नवी रोपं शोधा, ती कुठवर सरकली ते बघा. तिथे पाणथळ झाल्यामुळे पक्ष्यांचा फायदाच झाला, शेतकऱ्याची शेती मात्र गेली.

खाडीच्या कडेला मगरीची पाटी असेल तर ती गंमत समजू नका. खाऱ्या पाण्यातली मगर तिथली मूळची रहिवासी आहे आणि माणसावर हल्ले झालेले आहेत.

डिगलीपूरपर्यंत जाणार असाल तर कालीपूरच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात. वन खात्याच्या माणसाबरोबरच जा, टॉर्च आणि फ्लॅश बंद. अंडी जिथे राखतात तिथे सावली कशी केली आहे ते विचारा. कासवाचं लिंग वाळूच्या उष्णतेवर ठरतं. साधारण २९ अंशांच्या वर वाळू गेली की माद्या जास्त, खाली नर जास्त. त्यामुळे सावलीचा प्रश्न साधा नाही. लेदरबॅक या सर्वांत मोठ्या कासवाचं मुख्य ठिकाण मात्र ग्रेट निकोबारची गॅलेथिया खाडी. तिथलं अभयारण्य २०२१ मध्ये रद्द करून बंदर उभारायचं ठरलं. सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल जाणार आहे, आणि भरपाईची झाडं लावायची ती हरियाणात. हिशेबाच्या खात्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या माणसालाही ही जमा-नावे जुळवता येत नाहीत.

बाराटांगच्या रस्त्याने जाल तर तो जारवा लोकांच्या राखीव भागातून जातो. गाडी थांबवू नका, फोटो नको, खाऊ नको. ते गुन्हे आहेत. "जारवा दिसले का?" हा प्रश्न परतल्यावर ऑफिसात मला कुणी विचारू नये.

परत येताना पोरांचे खिसे हॉटेलातच उलटे करा. प्रवाळाचा मेलेला तुकडाही नेता येत नाही, अनेक शंखांचंही तेच, आणि विमानतळावर सामान तपासलं जातं. दुकानातून घेतलेल्या शंखाची पावती जपून ठेवा.

घरी आलात की आठवडा उलटायच्या आत नोंदी चढवा, नाहीतर वही कपाटात जाते. पक्षी ई-बर्डवर, बाकी सगळं आय-नॅचरलिस्टवर; दोन्ही कुणालाही निसर्गनोंदी टाकता येतात अशी संकेतस्थळं. नकाशावरची खूण नीट बघा. फोनमध्ये लोकेशन बंद असेल तर फोटो नागपूरचा म्हणून चढतो आणि अंदमानची हिरवी पाल धरमपेठेत दिसू लागते. कासवाच्या घरट्याची नेमकी जागा लपवा. आणि साळुंकी, चितळ, बेडूक यांच्या नोंदी 'यात काय नवीन' म्हणून गाळू नका. कोणत्या बेटावर, कोणत्या तारखेला, किती, हे त्यांच्याच बाबतीत जास्त नेमकं लिहा. एखाद्या बेटावर थांबूनही चितळ दिसलंच नसेल, तर तेही वहीत तारखेसकट असू द्या.